आवाज आपला, यंत्र आपले : घरातून चालणारा वस्तीचा रेडिओ

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला वस्तीच्या रेडिओवर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतली पोरं हसली, ते आम्ही पाहिले. हातात मोबाईल असताना रेडिओ कशाला, असे त्यांना वाटत असेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधी देतो आणि मग यंत्राकडे वळतो.

आम्ही सूतगिरणीच्या रिंग खात्यात उभे आयुष्य काढलेले कामगार. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या बैठकीत. आम्ही चार-पाच जण मिळून गेल्या पावसाळ्यापासून विहाराच्या मागच्या गल्लीतील एका घरातून इंटरनेटवर रेडिओ चालवतो. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. ते कसे जमते, किती खर्च येतो, किती लोक ऐकू शकतात आणि कुठे अडते, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट, आपली माणसे आता एका हाकेच्या अंतरावर राहिलेली नाहीत. पूर्वी विहाराच्या भोंग्यावरून सूचना दिली की सगळ्या वस्तीला कळायची. आज कितीतरी घरे शहराबाहेर गेली. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत २००६ साली उभी राहिली, तिथे आपल्या विडी कामगार भगिनी राहायला गेल्या. त्याच बाजूला रे नगरच्या पहिल्या १५ हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. पोरं पिंपरी-चिंचवडला, भिवंडीला, हैदराबादला पोटासाठी गेली. भोंग्याचा आवाज कितीही वाढवला तरी कुंभारीला पोचणार नाही. आणि वाढवायचाही नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला मनाई करतात. शिवाय शेजारी कुणाचे पोरगे दहावीचा अभ्यास करीत असते, कुणी रात्रपाळी करून झोपलेला असतो.

दुसरी गोष्ट विडीची. विडी वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, डोळे पानावर आणि तंबाखूवर असतात. तिला मोबाईलचा पडदा बघायला सवड कुठली? तिचे कान मात्र मोकळे असतात. ही गोष्ट जगात दुसरीकडेही कामगारांनी ओळखली होती. क्यूबा देशात हवाना शहरातल्या सिगार कारखान्यात १८६५ साली कामगारांनी एक वाचक बसवला. कामगार सिगार वळायचे आणि तो उंच जागेवर बसून वर्तमानपत्र, कादंबरी मोठ्याने वाचायचा. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी आणली. कामगाराच्या कानात काय पडते याची भीती सत्तेला वाटतेच! तरी ती प्रथा मेली नाही, पुन्हा सुरू झाली. आपल्या विडी वळणाऱ्या आक्कांना असा वाचक मिळावा, हे आमच्या रेडिओचे पहिले कारण.

आता कुणी म्हणेल, मग सरळ परवाना काढून खरे रेडिओ केंद्र काढा की. तीही वाट आहे, आणि त्या वाटेने गेलेल्या बायकांची ओळख करून देतो. सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत झहीराबाद लागते. त्या भागात माचनूर नावाचे गाव आहे. तिथे दलित शेतमजूर बायकांच्या संघांनी 'संगम रेडिओ' उभा केला. स्टुडिओ १९९८ साली तयार झाला, पण हवेत आवाज सोडायची परवानगी नव्हती. म्हणून काय त्या गप्प बसल्या? दहा वर्षे त्यांनी कार्यक्रम कॅसेटवर भरले आणि गावोगावच्या संघांच्या बैठकीत वाजवून ऐकवले. शेवटी परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी केंद्र हवेत गेले. स्वयंसेवी संस्थेला मिळालेले ते देशातले पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र. त्याच साली आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाले. तिथेही बायकाच बोलतात, ओव्या म्हणतात, शेळ्यामेंढ्यांचे आणि बाजाराचे सांगतात.

हे शक्य झाले ते एका निकालामुळे. क्रिकेटचे सामने कुणी दाखवायचे यावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा सरकारशी वाद झाला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता जनतेची ठरली खरी, पण जनतेच्या संस्थांना केंद्र काढायची मुभा मिळायला २००६ साल उजाडले. त्या धोरणाप्रमाणे संस्था नोंदणी होऊन किमान तीन वर्षे झालेली हवी, मनोरा हवा, १०० वॅटपर्यंतचे प्रक्षेपण यंत्र हवे, बऱ्याच खात्यांच्या परवानग्या हव्यात. खर्च लाखांत जातो. आणि एवढे करून आवाज पोचतो तो काही कोसांच्या परिसरात. पिंपरीतल्या पोराला तो ऐकू यायचा नाही.

परवान्याशिवाय मात्र कुणी एफएमचे यंत्र चालवू नये. बिहारमधल्या मन्सूरपूर गावात राघव नावाच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने अगदी थोड्या रुपयांच्या सामानातून स्वतःचे एफएम केंद्र उभे केले होते. गावोगावचे लोक ते आवडीने ऐकत. २००६ साली ते बंद करावे लागले, कारण परवाना नव्हता. हुशारी होती, लोकांचे प्रेम होते, तरी कायद्यापुढे टिकाव लागला नाही. इंटरनेट रेडिओत आपण हवेतली लहर वापरत नाही, आवाज तारेतून जातो. म्हणून लहरींचा तो परवाना इथे लागत नाही. बाकीचे कायदे लागतात, त्यावर पुढे येतो.

आता मुख्य मुद्दा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ते १९२३ पर्यंत बंद पडले. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, तेही १९२९ च्या अखेरीस थांबले. त्या पत्राचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहावे लागत. विचार कमी पडला का? नाही. वाचक नव्हते का? होते. पैसा आणि माणूसबळ कमी पडले. म्हणून आमचे सांगणे असे की, आपले माध्यम उभे करताना आधी हिशेब मांडा. उत्साह पहिल्या महिन्यात सगळ्यांकडे असतो. तिसऱ्या वर्षी आवाज चालू ठेवतो तो हिशेब.

आणि इथला हिशेब आहे तारेच्या रुंदीचा. त्याला इंग्रजीत बँडविड्थ म्हणतात. आपण नळाच्या भाषेत बोलू, कारण सोलापूरकराला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. गेली कित्येक वर्षे आपण तीन-चार दिवसांआड येणारे पाणी भरत आलो आहोत. घरात इंटरनेटचे दोन पाइप असतात. एकातून बाहेरचे घरात येते, त्याला डाउनलोड म्हणतात. दुसऱ्यातून घरातले बाहेर जाते, ते अपलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा येणाऱ्या पाइपाचा असतो. जुन्या तांब्याच्या तारेच्या जोडणीत जाणारा पाइप फारच बारीक असायचा. फायबरची जोडणी आली तरी स्वस्तातल्या योजनेत जाणारा पाइप किती रुंद आहे, हे विचारून घ्यावे लागते. असे का? कारण गृहीत असे धरलेले असते की सामान्य घर ऐकणार, बघणार, विकत घेणार. सांगणार काही नाही. येणारी वाट रुंद आणि जाणारी अरुंद. हे आपल्या लोकांना नवे नाही!

आमच्या घरातला जाणारा पाइप २ एमबीपीएसचा आहे, म्हणजे सेकंदाला २००० किलोबिट. हे बिट आहेत, बाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो, हे विसरले की सगळा हिशेब आठपट चुकतो. त्यातला पाव भाग बाजूला ठेवायचा, कारण त्याच तारेवर घरातली पोरं अभ्यास करतात, फोन करतात आणि तारेचा वेग कायम सारखा राहत नाही. उरले १५०० किलोबिट. आता लक्षात घ्या, आकाशवाणीचे केंद्र एकदा आवाज सोडते आणि तो लाख लोकांनी ऐकला तरी केंद्राला ओझे वाढत नाही. इंटरनेटवर तसे नाही. इथे प्रत्येक ऐकणाऱ्याला आपल्या घरातून वेगळी धार द्यावी लागते. दहा जण ऐकत असतील तर दहा धारा. म्हणून प्रश्न एकच, एक धार किती जाड ठेवायची?

हे आम्हा गिरणीवाल्यांना चटकन समजले. सुताचा नंबर म्हणजे काय? एका पौंड कापसातून ८४० यार्डांच्या किती लडी निघतात तो आकडा. २० नंबरी सूत काढले तर १६,८०० यार्ड. त्याच कापसातून ४० नंबरी काढले तर ३३,६०० यार्ड. कापूस तेवढाच, धागा बारीक केला की लांबी दुप्पट. पण फार बारीक करायला गेलो की धागा तुटतो. आवाजाचेही तसेच आहे. स्टिरिओ गाणी चांगल्या प्रतीत द्यायची तर एका श्रोत्याला १२८ किलोबिट लागतात. १५०० ला १२८ ने भागा, जेमतेम ११ श्रोते. ६४ ठेवले तर २३. आणि एकच मार्गी, म्हणजे मोनो आवाज ३२ किलोबिटवर दिला तर ४६. भाषण, वाचन, मुलाखत, बायकांच्या ओव्या यांना ३२ पुरते. १६ वर नेले तर एमपी-थ्री आवाज डब्यातून बोलल्यासारखा येतो, तिथे धागा तुटला म्हणायचे. २०१२ साली ओपस नावाची नवी पद्धत मान्य झाली, ती १६ ते २४ मध्येही बोलणे स्वच्छ देते. पण जुन्या फोनांवर ती चालेलच असे नाही. आपल्या आक्कांचे फोन जुने, म्हणून आम्ही एमपी-थ्रीच ठेवले.

ऐकणाऱ्याचाही खिसा बघायचा असतो. ३२ किलोबिटने तासाला १४.४ एमबी खर्च होतात. रोज एक तास ऐकले तर महिन्याला ४३२ एमबी. कोणत्याही घराला हे जड नाही. आपल्या बाजूला ४० श्रोते धरले तर तासाला ५७६ एमबी, दोन तासांचे रोज सव्वा जीबीच्या आत, महिन्याला सुमारे ३५ जीबी. जोडणी घेताना महिन्याची मर्यादा किती, हे याच हिशेबाने विचारायचे.

यंत्रसामग्री थोडी आहे. तिचे तीन भाग. एका बाजूला माइक आणि त्याचा आवाज बारीक करून पुढे पाठवणारा संगणक. मध्ये वाटणारे यंत्र, त्याला सर्व्हर म्हणतात. तिसऱ्या टोकाला तुमचा फोन. वाटण्याचे काम करणारा 'आइसकास्ट' नावाचा प्रोग्रॅम आहे. तो फुकट मिळतो, त्याचे आतले लिखाण कुणालाही वाचता येते, बदलता येते. १९९८-९९ च्या सुमारास काही तरुणांनी तो लिहायला घेतला आणि आजही जगभर चालतो. त्याला मोठे यंत्र लागत नाही. रास्पबेरी पाय नावाचे तळहाताएवढे यंत्र मिळते, ते साधारण ५ वॅट वीज खाते. दिवसरात्र चालवले तरी महिन्याला चार युनिटच्या आत. जुना डेस्कटॉप ८० वॅट घेत असेल तर त्याच कामाला ५७-५८ युनिट. लाइट गेली तर छोटे यंत्र आणि राउटर घरच्या इन्व्हर्टरवर चालू राहतात. आइसकास्टमध्ये आधीपासून घातलेला परवलीचा शब्द बदलल्याशिवाय ते सुरू करायचे नाही. तो शब्द साऱ्या जगाला ठाऊक आहे.

माइकची खोली कशी केली? आवाज भिंतींवर आपटून घुमतो, शेजारच्या यंत्रमागाची खटखट आत येते. उपाय आपल्या गावातच विणला जातो. भिंतीला, दाराला दोरीवर सोलापुरी चादरी टांगल्या, खाली सतरंजी टाकली. घुमणे गेले, खटखट बरीच कमी झाली. पंखा तेवढा वेळ बंद, आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर.

एक अडचण पत्त्याची येते. बऱ्याच जोडण्यांत कंपनी पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देते. चाळीचा पत्ता आहे पण खोलीचा नंबर नाही, मग पोस्टमन पत्र कुणाला देणार? अशा घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरच्याला आत येता येत नाही. उपाय दोन. वेगळे पैसे भरून स्वतःचा कायमचा पत्ता घ्यायचा, नाहीतर बाहेर भाड्याने छोटा सर्व्हर घ्यायचा. भाड्याच्या सर्व्हरला आपण घरातून एकच ३२ किलोबिटची धार पाठवतो आणि पुढची वाटणी तो करतो. सोपे आहे, पण भाडे थकले की आवाज बंद. फुकटच्या मोठ्या कंपन्यांच्या जागेवर का नाही जायचे, असेही पोरं विचारतात. जरूर जा, लोक तिथे आहेत. पण ती जागा परक्याची. नियम त्याचे, जाहिराती त्याच्या, आणि कुठला आवाज ठेवायचा, कुठला काढायचा हे ठरवणारा तोच. बाबासाहेबांना लिहायला दुसऱ्यांची पत्रे नव्हती का? तरी त्यांनी स्वतःची पत्रे काढली. म्हणून आम्ही कायमचा पत्ता घेतला आणि यंत्र आपल्या घरात ठेवले.

आता ज्या गोष्टीवरून समितीत खडाजंगी झाली ती सांगतो, कारण तीच खरी महत्त्वाची आहे. सर्व्हरमध्ये एका वेळी किती जणांना आत घ्यायचे, ती मर्यादा घालता येते. हिशेबाने ४६ येत होते, आम्ही ४० घातली. का? एकेचाळीस, बेचाळीस करीत पन्नास जण आत आले तर जास्तीचे दहा अडत नाहीत, सगळ्या पन्नासांचा आवाज तुटतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या संध्याकाळी चाळीस जागा भरल्या आणि फोनवर फोन यायला लागले, "लागत नाही, लागत नाही." दुसऱ्या रविवारी बैठक बसली. काही जण म्हणाले, मर्यादा काढून टाका. काही म्हणाले, जे महिन्याची वर्गणी देतात त्यांच्यासाठी वीस जागा राखून ठेवा, पैसा त्यांचा आहे. हे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. वर्गणीशिवाय तारेचे बिल भरणार कोण? तेवढ्यात महिला मंडळाच्या एक आक्का उठल्या आणि म्हणाल्या, "नळावर पावती दाखवून पाणी भरायचं का? असल्या नळापायीच महाड झालं न्हवं?"

बैठक शांत झाली. पण भावनेने तार रुंद होत नाही, म्हणून मार्ग हिशेबातूनच काढावा लागला. राखीव जागा नाहीत, पहिला येईल तो आत, वर्गणी ऐच्छिक, हे ठरले. मग तीन उपाय केले. पहिला त्याच आक्कांचा. एकटे ऐकायचे नाही. एका गल्लीत एक फोन लावायचा, त्याला छोटा स्पीकर जोडायचा आणि विडी वळायला बायका एकत्र बसतातच, तिथे तो ठेवायचा. सर्व्हरला तो एकच श्रोता, पण ऐकणारे आठ-दहा. माचनूरच्या बायका दहा वर्षे कॅसेट अशाच मिळून ऐकत होत्या. दुसरा उपाय, संध्याकाळचा कार्यक्रम दुसऱ्या सकाळी पुन्हा द्यायचा. पाळीवर जाणाऱ्याला त्याची वेळ मिळते आणि गर्दी दोन भागांत वाटली जाते. तिसरा उपाय रिलेचा. कुंभारीतील एका कुटुंबाने आणि पिंपरीतील एका कुटुंबाने आपापल्या घरात तसलेच छोटे यंत्र बसवायची तयारी दाखवली आहे. आपल्या घरातून त्यांना एक-एक धार जाईल, आणि ते आपल्या तारेवरून पुढे आपापल्या भागात वाटतील. मुख्य टाकीवरून दुसरी टाकी भरावी तसे. चाळीसातल्या दोन जागा देऊन अजून दोन ठिकाणी तीस-चाळीस जागा उघडतात. कुणाकडे मोठी तार नाही. बारीक तारा एकमेकींना जोडल्या की मोठी होते.

आता काय ऐकवायचे याविषयी. कॅसेटवरची, सीडीवरची भीमगीते आपल्याला प्राणाहून प्यारी आहेत, पण ती वाटेल तशी लावता येत नाहीत. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या रचनांवर २०६४ अखेरपर्यंत हक्क आहे, आणि ध्वनिमुद्रिकेवर कंपनीचा हक्क वेगळा. परवानगी घेऊनच लावायचे. हक्क बुडाला की कंपनीच बुडते असे नाही, आपल्याच कवीचे घर बुडते. पण एक मोठे भांडार आपल्याला मोकळे आहे. बाबासाहेबांचे परिनिर्वाण १९५६ चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लिखाण १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत त्यांच्या पश्चात १९५७ साली आला, तो १ जानेवारी २०१८ पासून खुला आहे. त्याच्या मराठी भाषांतरावर मात्र भाषांतरकाराचा हक्क असतो, ते तपासावे लागते. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'मधले बाबासाहेबांचे लेख तर त्यांच्याच मराठीत आहेत. आम्ही रोज दहा मिनिटे ते वाचतो. दहावी नापास झालेला एक पोरगा वाचतो, अडखळतो, पुन्हा वाचतो. आता त्याच्या आईने विडी वळताना ती वाक्ये पाठ केली आहेत.

उरलेला वेळ आपल्याच लोकांचा. बंद पडलेल्या गिरण्यांत काम केलेले म्हातारे, १९५६ नंतर घरातले देव्हारे कसे काढले ते लहानपणी पाहिलेल्या आजीबाई, पाळण्याच्या आणि जात्यावरच्या गाण्यांत बाबासाहेबांचे नाव गुंफणाऱ्या मावश्या. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरून बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले होते. त्यांचा प्रत्यक्ष आवाज आज किती थोडा उरला आहे! शब्द छापले गेले म्हणून टिकले. मग आपल्या आज्यांचे तर शब्दही कुणी छापलेले नाहीत. त्या गेल्या की सगळेच गेले.

म्हणून एक नियम केला आहे. वाटायचा आवाज बारीक, पण साठवायचा आवाज पूर्ण. मूळ मुद्रण कमी न करता ठेवले तर एका तासाला साधारण ३१८ एमबी जागा लागते. एक टेराबाइटच्या डिस्कवर असे तीन हजार तास मावतात. त्याच्या दोन प्रती, एक रेडिओच्या घरात आणि एक विहाराच्या कपाटात. बारीक केलेल्या आवाजातून पुन्हा जाड आवाज काढता येत नाही. पिंजून गेलेला कापूस बोंडात परत जात नाही. आणि मुद्रण करण्याआधी त्या बाईला विचारायचे, तिने हो म्हटले तरच प्रसारित करायचे, नको म्हणाली तर फक्त तिच्या घरच्यांना प्रत द्यायची. कुणाच्या भांडणाची, कुणाच्या लग्नाची, कुणाच्या बदनामीची बातमी या रेडिओवरून जाणार नाही.

बंधू-भगिनींनो, ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. त्या वेळी आपल्या लोकांजवळ काय होते? हाताला काम आणि पोटाला चिमटा. तरी मुले शिकली पाहिजेत हे ठरले आणि ते झाले. आज आपल्याजवळ घरटी एक फोन आहे, गल्लीत फायबरची तार आहे, शिकलेली पोरं आहेत. आता "आमचे कुणी ऐकत नाही" हे वाक्य थोडे बाजूला ठेवून, आपण एकमेकांचे किती ऐकतो ते बघू या.

आमची मागणी मोठी नाही. माइकवर आणि यंत्रावर आलटून पालटून बसायला चार तरुण हवेत, त्यांत दोन मुली हव्यात. दर गल्लीत फोन आणि स्पीकर सांभाळणारे एक घर हवे. महिन्याचा जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहिला जाईल. तारेचे बिल, विजेचे बिल, आलेली वर्गणी, सगळे. आणि या पावसाळ्याआधी वस्तीतल्या साठ वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाचा एक तास आवाज साठवायचा आहे. नावांची यादी महिला मंडळाकडे आहे. ज्यांच्या घरात आजी-आजोबा आहेत त्यांनी उठता उठता आपले नाव आणि वेळ सांगून जावे. पहिले मुद्रण येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आहे.

 एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!